विंडो अडकते, चित्र गायब होतं, बदल दिसत नाही: डेस्कटॉप अ‍ॅपमधला बिघाड शोधायला सुरुवात कुठून करावी

डेस्कटॉप अ‍ॅप लिहिणाऱ्यांच्या तक्रारी वरवर पाहिल्या तर एकीचा दुसरीशी काही संबंध दिसत नाही. एकाची विंडो पांढरी पडते. दुसऱ्याचा प्रोग्रेस बार शून्यावर थांबून राहतो आणि शेवटी एकदम शंभरवर जातो. तिसऱ्याचं अ‍ॅप अधूनमधून एकही एरर न दाखवता बंद पडतं. पण मुळाशी गेलं की फार वेळा एकच प्रश्न समोर येतो: त्या क्षणी मेन थ्रेड, म्हणजे अ‍ॅपचा कोड एकामागून एक चालवणारा मुख्य प्रवाह, काय करत होता? याचं उत्तर अंदाजाने द्यायची गरज नाही, ते डोळ्यांनी पाहता येतं. तरीही बहुतेक जण ते न पाहताच कोड बदलायला घेतात आणि एकाच जागी अडकून बसतात.

विंडो, बटणं वगैरे बनवून देणारी लायब्ररी, म्हणजे टूलकिट, टीके-इंटर असो, क्यूटी, स्विंग, विनफॉर्म्स, डब्ल्यूपीएफ किंवा जीटीके, आतली रचना सारखीच असते. मेन थ्रेडवर एक इव्हेंट लूप फिरत असतो. तो रांगेतून एक इव्हेंट उचलतो, त्या इव्हेंटसाठी लिहिलेलं तुमचं फंक्शन, म्हणजे हँडलर, बोलावतो, ते परत येईपर्यंत थांबतो आणि मग पुढचा इव्हेंट घेतो. क्लिक, कीबोर्ड, टायमर हे सगळं याच रांगेतून येतं आणि विंडो पुन्हा रंगवण्याचं कामही याच लूपच्या हाती असतं. म्हणजे तुमचं फंक्शन परत येत नाही तोवर पडद्यावर नवीन काहीही उमटणार नाही. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. हँडलरने १०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ घेतला की माणसाला अडखळल्यासारखं जाणवू लागतं. विंडोजवर ५ सेकंद कुणी रांगेतून मेसेज (तिथे इव्हेंटला हेच नाव आहे) उचलला नाही, तर सिस्टिम त्या विंडोच्या जागी तिची फिकट प्रतिकृती ठेवते आणि शीर्षकात ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ जोडते. प्रोग्राम मेला असा त्याचा अर्थ नाही. रांगेकडे कुणी पाहत नाही, एवढंच सिस्टिम सांगते आहे.

विंडो अडकते, फिरता कर्सर दिसतो

कोडला हात लावण्याआधी अ‍ॅप अडकवा आणि अडकलेल्या अवस्थेतच मेन थ्रेडचा स्टॅक काढा, म्हणजे तो आत्ता कोणत्या फंक्शनमध्ये आहे आणि तिथवर कुठून आला याची यादी. व्हिज्युअल स्टुडिओत डीबगर जोडून ‘ब्रेक ऑल’ दाबा. जावात जेस्टॅक चालवा आणि ‘एडब्ल्यूटी-इव्हेंटक्यू-०’ नावाचा थ्रेड शोधा. पायथनसाठी पाय-स्पाय हे साधन चालू प्रोसेसचा स्टॅक बाहेरून दाखवतं, त्यासाठी कोडमध्ये काहीच घालावं लागत नाही. लिनक्सवर सी प्लस प्लस असेल तर जीडीबी हा डीबगर जोडून सगळ्या थ्रेड्सचा बॅकट्रेस, म्हणजे हाच स्टॅक, घ्या. मॅकवर अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये त्या प्रोसेसचा ‘सॅम्पल’ घेता येतो.

स्टॅकच्या एका टोकाला इव्हेंट लूप दिसेल, मध्ये कुठेतरी तुमचं हँडलर आणि दुसऱ्या टोकाला तो थ्रेड आत्ता जिथे उभा आहे ती ओळ. तिथे तीनपैकी एक गोष्ट सापडते. एक, तो कशाची तरी वाट पाहतोय: सॉकेट, फाइल, डेटाबेस किंवा ‘स्लीप’. दोन, तो तुमचंच एखादं लांबलचक गणित करतोय. तीन, तो लॉकवर, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणाऱ्या कुलपावर, थांबलाय. तिघांवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून हे पाहिल्याशिवाय ‘थ्रेड टाकून बघतो’ म्हणणं धोक्याचं आहे. तिसऱ्या प्रकारात आणखी एक थ्रेड टाकला तर गुंता वाढतोच.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. ‘आयात करा’ असं बटण आहे. त्याच्या हँडलरमध्ये फाइल उघडली जाते, एकेक ओळ वाचून सर्व्हरला पाठवली जाते आणि प्रत्येक ओळीनंतर प्रोग्रेस बारची किंमत वाढवली जाते. कोड वाचला तर काहीच चुकीचं दिसत नाही. तरी बार हलत नाही, कारण किंमत बदलली की टूलकिट फक्त ‘हा भाग पुन्हा रंगवायचाय’ अशी नोंद करून ठेवतं. प्रत्यक्ष रंगकाम लूपकडे ताबा परत गेल्यावर होतं आणि तो ताबा आयात संपेपर्यंत तुमच्या फंक्शनकडेच असतो. विंडोजमध्ये तर रंगवण्याचा मेसेज रांगेत बाकी काहीच उरलं नसेल तेव्हाच दिला जातो.

इथे बहुतेक जण जो उपाय करतात, तो मी ठामपणे टाळायला सांगेन. विनफॉर्म्समध्ये ‘डू-इव्हेंट्स’, क्यूटीत ‘प्रोसेस-इव्हेंट्स’, टीके-इंटरमध्ये ‘अपडेट’. लूपच्या मध्येच हे बोलावलं की बार हलायला लागतो आणि प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. पण त्या क्षणी तुम्ही फक्त रंगकाम होऊ दिलेलं नसतं, रांगेतला कोणताही इव्हेंट आत येऊ शकतो. वापरकर्त्याने ‘आयात करा’ दुसऱ्यांदा दाबलं, तर पहिली आयात अर्धी असतानाच तिच्या पोटात दुसरी सुरू होते. दुसरी पूर्ण संपेपर्यंत पहिली थांबून राहते आणि मग मधल्या बदलांची काहीच कल्पना नसताना पुढे चालू लागते. नोंदी दोनदा पडतात. त्याने विंडो बंद केली, तर तुमचं फंक्शन नष्ट झालेल्या विजेटला, म्हणजे बटण, यादी, बार अशा विंडोतल्या घटकाला, हात लावतं. हे बग मागाहून, दुसऱ्याच ठिकाणी, वेगळ्याच रूपात वर येतात आणि शोधताना जीव मेटाकुटीला येतो. टीके-इंटरमध्ये फक्त साचलेलं रंगकाम उरकून घ्यायचं असेल तर ‘अपडेट-आयडलटास्क्स’ तुलनेने सौम्य आहे, पण विंडो प्रतिसाद देत राहावी यासाठी तेही पुरेसं नाही.

खरा उपाय हा: लांब काम बॅकग्राउंड थ्रेडवर न्या आणि निकाल मेन थ्रेडच्या हाती द्या. टीके-इंटरमध्ये हा बॅकग्राउंड थ्रेड, म्हणजे वर्कर, एका क्यूमध्ये (रांगेत) निरोप टाकतो आणि मेन थ्रेड ‘आफ्टर’ वापरून दर १०० मिलिसेकंदांनी ती क्यू रिकामी करतो. क्यूटीत वर्करने सिग्नल सोडायचा. तो झेलणारा ऑब्जेक्ट मेन थ्रेडचा असेल, तर सिग्नल आपोआप रांगेतून जातो. स्विंगमध्ये यासाठी स्विंगवर्कर आहे, सी शार्पमध्ये २०१२ पासून ‘असिंक-अवेट’ आहे, आणि जीटीकेत ‘आयडल-अ‍ॅड’ने मेन लूपला काम देता येतं.

थ्रेड टाकला, तरीही अडकतं

अशी तक्रार आली की पुन्हा स्टॅकच काढा, पण या वेळी लागोपाठ चार-पाच वेळा. दरवेळी मेन थ्रेड लेबलचा मजकूर बदलताना किंवा यादीत ओळ घालताना दिसला, तर वर्कर निरोपांचा पूर पाठवतोय. लाखभर ओळी असतील तर लाखभर इव्हेंट रांगेत साचतात. मेन थ्रेड ते उपसत बसतो आणि क्लिक मागे राहतं. पडद्याला सेकंदाला दहा-वीस वेळा बदल पुरतात. वर्करने मागच्या निरोपाची वेळ लक्षात ठेवावी आणि ५० ते १०० मिलिसेकंद उलटल्याशिवाय पुढचा पाठवू नये. यादीत ओळी घालायच्या असतील तर शे-दोनशेच्या गठ्ठ्याने घालाव्यात. खरोखर मोठी यादी असेल तर प्रत्येक ओळीसाठी वेगळं विजेट बनवणंच सोडून द्यावं. क्यूटीची मॉडेल-व्ह्यू पद्धत किंवा विनफॉर्म्सच्या ग्रिडचा व्हर्च्युअल मोड दिसणाऱ्या ओळींपुरताच डेटा मागतो.

पायथनमध्ये आणखी एक कारण असतं. शुद्ध पायथनमधलं गणित दुसऱ्या थ्रेडवर नेलं तरी नेहमीच्या पायथनमध्ये इंटरप्रिटरचं कुलूप, म्हणजे जीआयएल, एकच असतं. विंडो पूर्ण थिजत नाही पण जड होते. तिथे वेगळी प्रोसेस लागते. ती सुरू करताना विंडोज आणि मॅकवर तुमची मुख्य फाइल नव्या प्रोसेसमध्ये पुन्हा वाचली जाते. विंडो उघडणारा कोड ‘मेन’च्या तपासणीआड (ही फाइल थेट चालवली आहे का, या अटीआड) ठेवलेला नसेल, तर बटण दाबताच दुसरी विंडो उघडते. पायइन्स्टॉलरने बनवलेल्या एक्झीमध्ये ‘फ्रीझ-सपोर्ट’ची ओळ राहून गेली की हीच गोष्ट होते.

सी शार्पमध्ये लोकांना सर्वांत जास्त छळणारा प्रकार असा: तीच असिंक पद्धत कन्सोल प्रोग्राममध्ये सुरळीत चालते, पण बटणाच्या हँडलरमधून बोलावली की अ‍ॅप कायमचं थिजतं. स्टॅक पाहा, मेन थ्रेड ‘डॉट रिझल्ट’ किंवा ‘डॉट वेट’वर उभा असेल. आतल्या ‘अवेट’नंतरचा कोड मेन थ्रेडवरच परत यायला पाहतो, आणि मेन थ्रेड तर तोच कोड संपण्याची वाट पाहत बसलाय. दोघंही एकमेकांसाठी थांबलेत. हँडलरलाच ‘असिंक’ करून तिथे ‘अवेट’ लिहा. वरपासून खालपर्यंत अवेटच ठेवलं की हा तिढा पडत नाही.

दुसऱ्या थ्रेडवरून विजेटला हात लावणं

नियम सोपा आहे: विजेट बनवणं, वाचणं, बदलणं हे सगळं मेन थ्रेडवर. नियम मोडल्यावर काय होतं ते मात्र टूलकिटगणिक बदलतं आणि गोंधळ इथेच होतो. विनफॉर्म्स डीबगरमध्ये चालू असताना ‘क्रॉस-थ्रेड ऑपरेशन नॉट व्हॅलिड’ असं स्पष्ट सांगतं. एरवी ही तपासणी बंद असते आणि चूक गुपचूप निसटू शकते. जावाएफएक्स ‘नॉट ऑन एफएक्स अ‍ॅप्लिकेशन थ्रेड’ असा एरर देतं. स्विंग बहुतेक वेळा एक शब्दही बोलत नाही. यादी कधी अर्धीच दिसते, कधी रंगकामाच्या कोडमधून नल पॉइंटर एरर येतो, ज्यात तुमची एकही ओळ नसते. क्यूटी कधी कन्सोलवर इशारा छापतं, कधी थेट क्रॅश होतं. मॅकसाठी एक्सकोड ९ पासून, म्हणजे २०१७ पासून, ‘मेन थ्रेड चेकर’ मिळतो. तो बंद करू नका.

म्हणून ‘माझ्या मशीनवर चालतं’ हा इथे पुरावा धरता येत नाही. संशयित फंक्शनच्या पहिल्या ओळीत चालू थ्रेडचं नाव लॉगमध्ये टाका. मेन थ्रेडऐवजी दुसरं नाव दिसलं की शोध संपला.

वर्कर चालू असतानाच विंडो बंद होणं हा याचाच पुढचा भाग, आणि तो चाचणीत हमखास राहून जातो. क्यूटी ‘थ्रेड चालू असतानाच नष्ट झाला’ अशा अर्थाचा संदेश देऊन प्रोग्राम पाडतं. टीके-इंटरमध्ये ‘इनव्हॅलिड कमांड नेम’ दिसतं, कारण ‘आफ्टर’ने लावलेलं काम विंडो गेल्यावरही शिल्लक होतं. बंद होण्याच्या हँडलरमध्ये आधी वर्करला थांबायची खूण द्या, ‘आफ्टर’ने दिलेला क्रमांक जपून ठेवला असेल तर तो रद्द करा, वर्कर संपल्याची खात्री करा आणि मगच विंडो नष्ट करा. थ्रेड बाहेरून जबरदस्तीने मारू नका. त्याच्या हातात लॉक असेल तर तो लॉक परत कधीच सुटणार नाही.

एरर नाही, काही नाही, नुसतं बंद पडतं

आधी एरर खरंच नाही की तो तुमच्यापर्यंत पोहोचत नाही, ते ठरवा. पायक्यूटीच्या (पायथनमधून क्यूटी वापरण्याच्या लायब्ररीच्या) ५.५ आवृत्तीपासून स्लॉटमध्ये, म्हणजे सिग्नल झेलणाऱ्या फंक्शनमध्ये, न पकडलेला एरर आला तर पूर्ण प्रोग्राम खाली येतो. टीके-इंटरमध्ये अगदी उलटं: एरर कन्सोलवर छापला जातो आणि लूप पुढे चालू राहतो. म्हणजे कन्सोलशिवाय चालवलं की पहिल्या ठिकाणी ‘अ‍ॅप गायब झालं’ अशी तक्रार येते, दुसऱ्या ठिकाणी ‘बटण दाबलं तर काहीच होत नाही’ अशी, आणि दोन्हींचं मूळ एकच न पकडलेला एरर असतो. अ‍ॅप टर्मिनलमधून चालवून पाहा, निम्म्या तक्रारी तिथेच उलगडतात. पायक्यूटीत ‘एक्सेप्टहुक’ आणि टीके-इंटरमध्ये ‘रिपोर्ट-कॉलबॅक-एक्सेप्शन’ बदलून एरर फाइलमध्ये जाईल अशी सोय पहिल्या दिवशीच करावी. मी तरी अशी सोय नसलेलं अ‍ॅप कुणाच्या हाती देणार नाही.

लिनक्सवर क्यूटी सुरूच होत नसेल आणि पडद्यावर विंडो दाखवणारं ‘एक्ससीबी’ प्लगिन लोड झालं नाही असा संदेश येत असेल, तर फाइल जागेवर असूनही तो येऊ शकतो. कारण बहुधा तिला लागणारी दुसरी एखादी लायब्ररी नसते. ‘क्यूटी-डीबग-प्लगिन्स’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करून चालवा. नेमकी कोणती लायब्ररी सापडली नाही तिचं नाव तिथे छापलं जातं.

चित्र दिसत नाही, विंडो क्षणभर चमकून जाते

टीके-इंटरमध्ये फंक्शनच्या आत ‘फोटोइमेज’ बनवून लेबलला दिली, तर लेबल दिसतं पण रिकामं. लेबल फक्त चित्राचं नाव लक्षात ठेवतं. पायथनमधला ऑब्जेक्ट फंक्शन संपताच कचऱ्यात जातो आणि जाताना चित्रही पुसून जातो. चित्र ‘सेल्फ’वर किंवा त्या लेबलवरच एखाद्या नावाने ठेवा. पायक्यूटीत हँडलरमध्ये दुसरी विंडो बनवून ‘शो’ केली आणि ती झळकून गेली, तर कारण हेच आहे, तिला धरून ठेवणारं कुणी उरलं नाही. यात एक फसवी गोष्ट अशी की डीबगरमध्ये फंक्शन थांबवून ठेवलं तर व्हेरिएबल जिवंत राहतं, त्यामुळे तिथे सगळं ठीक दिसतं.

बटणांच्या बाबतीत दोन गोष्टी वारंवार दिसतात. विंडो उघडतानाच काम आपोआप होतं आणि नंतर बटण दाबलं तर काही होत नाही: तिथे ‘कमांड=जतन_करा()’ असं लिहिलेलं असतं. कंसामुळे फंक्शन तिथल्या तिथे चालतं आणि बटणाला त्याने परत दिलेली किंमत मिळते. कंस काढा. दुसरी, लूपमध्ये दहा बटणं बनवली आणि प्रत्येक बटण शेवटच्याच क्रमांकाचं काम करतं: लॅम्ब्डा (जागच्या जागी लिहिलेलं बिननावाचं फंक्शन) व्हेरिएबलची किंमत दाबल्यावर वाचतो, बनवताना नाही, आणि तोवर लूप शेवटावर पोहोचलेला असतो. लॅम्ब्डाला ‘क्र=क्र’ असा डीफॉल्ट पॅरामीटर द्या.

टीके-इंटरमध्ये दुसऱ्या विंडोसाठी दुसरा ‘टीके’ बनवू नका, ‘टॉपलेव्हल’ वापरा. दोन ‘टीके’ म्हणजे दोन स्वतंत्र इंटरप्रिटर. एकाचा स्ट्रिंगव्हेरिएबल दुसऱ्याच्या एंट्रीला जोडला की एंट्रीत टाइप केलेलं त्यात कधी पोहोचतच नाही, आणि एररही येत नाही.

मांडणी बिघडते, अक्षरं कापली जातात

स्विंगमध्ये पॅनेल दिसू लागल्यावर त्यात बटण घातलं आणि ते दिसलं नाही, तर ‘रीव्हॅलिडेट’ आणि मग ‘रीपेंट’ बोलवा. टीके-इंटरमध्ये एकाच पालक विजेटच्या आत ‘पॅक’ आणि ‘ग्रिड’ या मांडणीच्या दोन पद्धती मिसळू नका. हल्लीच्या आवृत्त्या त्यावर स्पष्ट एरर देतात, जुन्यांमध्ये दोघं एकमेकांची मापं बदलत राहायचे आणि विंडो थिजायची. मापं पिक्सेलमध्ये ठोकून बसवणं सर्वत्र महागात पडतं. एका सिस्टिमवर नेमकं बसलेलं लेबल दुसरीकडे फॉन्ट बदलताच कापलं जातं आणि देवनागरीसारख्या लिपीत वरच्या मात्रा, वेलांट्या आणि खालचे उकार सगळ्यात आधी जातात. उंची लेआउटला ठरवू द्या.

विंडोजवर अ‍ॅप अंधुक दिसतं तेव्हा फॉन्ट तपासत बसू नका. तिथे डिस्प्लेचं स्केलिंग १०० टक्के म्हणजे ९६ डीपीआय (इंचामागे ठिपके), १५० टक्के म्हणजे १४४. अ‍ॅपने स्वतः डीपीआय सांभाळतो असं मॅनिफेस्टमध्ये (अ‍ॅपसोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये) सांगितलं नसेल तर सिस्टिम ९६ वर रंगवलेलं चित्र ताणून मोठं करते, म्हणून ते धूसर होतं. वेगवेगळ्या डीपीआयच्या दोन पडद्यांसाठी ‘पर-मॉनिटर व्ही२’ हा पर्याय विंडोज १० मध्ये २०१७ पासून आहे. क्यूटी ६ मध्ये हाय-डीपीआय आपोआप चालू असतं, क्यूटी ५ मध्ये अ‍ॅप्लिकेशन ऑब्जेक्ट बनवण्याआधी ते चालू करावं लागतं. ती ओळ नंतर आली तर काहीच परिणाम होत नाही.

लिनक्सवर वेलँडखाली (विंडो पडद्यावर मांडणाऱ्या नव्या व्यवस्थेखाली) विंडो ठरावीक जागी हलवण्याचा कोड चालत नसेल तर तो तुमचा बग नाही. साध्या विंडोला पडद्यावरची जागा स्वतः ठरवू द्यायची नाही अशीच वेलँडची रचना आहे. विंडोची जागा लक्षात ठेवायची सोय तिथे देता येणार नाही हे धरूनच चाला.

तासाभराने मंद होतं, दिवसाने पडतं

विंडोजवर एका प्रोसेसला मूळ सेटिंगमध्ये १०,००० जीडीआय ऑब्जेक्ट्सची, म्हणजे रंगकामाला लागणाऱ्या ब्रश, पेन, फॉन्टसारख्या वस्तूंची, मर्यादा असते. टास्क मॅनेजरच्या डीटेल्स टॅबमध्ये ‘जीडीआय ऑब्जेक्ट्स’चा स्तंभ चालू करा आणि संशयित विंडो उघडबंद करत राहा. आकडा चढतच गेला तर ब्रश, पेन, फॉन्ट किंवा बिटमॅप कुठेतरी बनतोय आणि सुटत नाहीये. बहुतेक वेळा ती जागा रंगकामाच्या हँडलरमध्ये असते, कारण ते सेकंदाला अनेकदा चालतं. आकडा स्थिर असून मेमरी वाढत असेल तर इव्हेंटची नोंदणी पाहा. बंद झालेल्या विंडोने कायम जिवंत राहणाऱ्या ऑब्जेक्टच्या इव्हेंटला नाव नोंदवलं असेल, तर तो ऑब्जेक्ट तिला सोडत नाही. तिचं हँडलरही पडद्याआड चालत राहतं, एका बदलावर तेच काम दहा वेळा होताना दिसतं. विंडो बंद होताना नोंदणी काढून टाका आणि हँडलर किती वेळा चालतं ते लॉगमध्ये मोजा. विंडो पाच वेळा उघडून बंद केल्यावरही एका बदलाला ते एकदाच चाललं पाहिजे.